देवाचे दाणे

माझ्या तोंडावर दाणे आहेत. नाकाच्या दोन्ही बाजूंना, गालांवर, थोडे हनुवटीवर, मोहरीएवढे, लालसर. शाळेत पहिलीला नवी पोरं आली की आठवडाभर टक लावून बघतात आणि मग विसरतात. आमच्या घरात मात्र ते कुणी विसरत नाही. माझ्या पणजोबाने पालीच्या खंडोबापुढे तीन दिवस उपाशी लोळण घेतली, देवाने त्याच्या तोंडावर भंडारा उधळला आणि त्याचे कण चिकटले ते निघालेच नाहीत, अशी गोष्ट आई सांगते. तेव्हापासून आमच्यात ज्याच्या तोंडावर दाणे उगवतील तो देवाचा माणूस. पोर पाच-सहा वर्षांचं झालं की आई त्याला खिडकीपाशी नेऊन गाल न्याहाळते. दाणा दिसला की नारळ फुटतो, जागरण घातलं जातं. माझंही घातलं होतं. माझा धाकटा भाऊ लालासाहेब याला हनुवटीवर दोनच दाणे आले, त्याची रुखरुख आईला अजून आहे.

हे लिहितानासुद्धा माझे दात आवळले जातात. पण मुळापासून सांगते.

मी अनसूया, गावच्या शाळेत मास्तरीण. गाव कराडच्या खाली, कृष्णाकाठचं. माझे यजमान याच शाळेत हेडमास्तर होते. आम्हाला एक मुलगा झाला, तो नऊ महिन्यांचा असताना आचके देऊन गेला. दात येताना होतं असं, सगळे म्हणाले. मीही तेच म्हणाले, कारण काहीतरी म्हणावं लागतं. बहात्तर साली यजमान गेले आणि मी याच गावातल्या माहेरच्या घरी येऊन राहिले. घरात आई, म्हणजे शालूबाई, भावजय अंजना आणि तिची मुलगी हौसा. लालासाहेब फौजेत हवालदार. वर्षातून एकदा सुट्टीवर यायचा.

अंजना कोयनानगरच्या वरच्या अंगाच्या एका वाडीतली. सदुसष्टच्या डिसेंबरात भूकंप झाला तेव्हा ती माहेरी होती, दोन महिन्यांची गरोदर. पहाटे भिंत पडली, तिला लोकांनी दगडांखालून ओढून काढलं. पुढच्या पावसाळ्यात हौसा झाली. गुटगुटीत, गोरी. पाच महिन्यांची झाली आणि एक वेगळंच दिसायला लागलं. झोपेतून उठली की पोर एकदम पुढे वाकायची, दोन्ही हात फेकायची, मान खाली घालायची. परत सरळ, परत तेच. दहा वेळा, वीस वेळा.

आईने हात जोडले. "पोरगी देवाला दंडवत घालतीया," म्हणाली. गल्लीतल्या बायका बघायला यायच्या. कुणी पाच पैसे ठेवायचं, कुणी हळद-कुंकू. पोरीच्या डोक्यात आग लागली होती आणि आम्ही तिच्यापुढे उदबत्ती लावत होतो. दीड वर्ष. अंजना एकटी सासूला म्हणायची, "आत्याबाई, ही नंतर लय रडती. मला काय बरं दिसंना." तिला सांगितलं, देवाचं तुला काय कळतंय.

दोन वर्षांची झाली आणि दंडवत थांबले, फेफरं सुरू झालं. आता ती डोळे फिरवायची, ताठ व्हायची, तोंडाला फेस यायचा. देवाचं होतं तोवर ते आमचं होतं. फेस दिसल्याबरोबर ते अंजनाचं झालं. पायातलं खेटर तिच्या नाकाला लावायचं, कांदा फोडून हुंगवायचा. एका भगताने तापवलेल्या विळ्याने कपाळावर दोन डाग दिले. डाग देताना पाय मी धरले होते. पोरीला चालता आलं उशिरा, बोलणं पाच-सात शब्दांपलीकडे गेलं नाही. त्यातला एक शब्द "आक्का". मला हाक मारायची.

आणि आता माझं. भूकंपाने असं झालं, हे वाक्य पहिल्यांदा मी बोलले. एकाहत्तरच्या संक्रांतीला पाटलांच्या सोप्यात हळदीकुंकू होतं. माझे यजमान तेव्हा होते, मला बोलावणं असायचं. कुणीतरी विचारलं, लालाच्या पोरीला असं का गं होतं? मी तिळगूळ चघळत म्हणाले, "आई भूकंपात घाबरली ना, ती भीती पोटातल्या पोरीच्या डोक्यात गेली." मला काही माहीत नव्हतं. पण मास्तरीण बोलली. संध्याकाळपर्यंत ते विहिरीवर पोचलं, आठवड्याच्या बाजारात गेलं, आणि वर्षभरात सगळ्या पंचक्रोशीत अंजनाचं नाव भूकंपाची बाई पडलं. हौसाच्या पाठीवर आणि मांडीवर पांढरे डाग होते, चिंचोळ्या पानासारखे. ते कोड आहे आणि अंजनाच्या आईकडून आलंय, हे आईने आपल्या पदरचं जोडलं.

पंचाहत्तरच्या दसऱ्याला हौसाच्या गालावर दाणे दिसले. सात वर्षांची झाली होती. आईने नारळ फोडला. तिने पोरीची वाटणीच करून टाकली होती: दाणे आमचे, फेफरं अंजनाचं, डाग अंजनाच्या आईचे.

त्याच डिसेंबरात लाला सुट्टीवर आला आणि आईने ठरवलेलं बाहेर आलं. अंजनाला सोडचिठ्ठी द्यायची, माहेरी पोचवायची. फलटणकडच्या नानासोंची धाकटी बहीण लालाला करायची. हौसाचं काय, असं मी विचारलं.

"जाऊ दे आईसंगं," आई म्हणाली. "फेफऱ्याची पोर कोन सांभाळनार?"

"दान्याची हाय न्हवं? देवाची हाय म्हनत हुतीस."

आई चुलीकडे वळली. लाला अंगणात बुटाच्या नाड्या बांधत होता, बांधत राहिला. घरातसुद्धा त्याच्या पायात कायम मोजे आणि कॅनव्हासचे बूट असायचे. फौजेची सवय, असं आम्ही कौतुकाने म्हणायचो.

नानासो सावध माणूस. बैल घेतानासुद्धा तीन वेळा येऊन बघतो अशी त्याची ख्याती. त्याने अट घातली. फेफरं बाईच्या अंगाचं आहे, पुरुषाच्या नाही, अशी मोठ्या डॉक्टरची चिठ्ठी आणा, मग सुपारी फोडू. चिठ्ठी आणायला वाचता येणारं माणूस हवं, म्हणून मला पाठवलं. अंजनाला सांगितलं, पोरीला औषधाला नेतोय. ती सात वर्षं हेच मागत होती. ती लगबगीने तयार झाली, पोरीला नवा झगा घातला. कशाला चाललोय हे मला माहीत होतं, तिला नव्हतं, आणि एसटीत सांगलीपर्यंत मी तिच्या शेजारी बसून शेंगा खाल्ल्या.

मिरजेच्या मोठ्या दवाखान्यात मेंदूचे डॉक्टर होते. वयस्क, चष्मा नाकाच्या टोकावर, बोलणं तुटक. त्यांनी पोरीकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि माझ्याकडेच बघत राहिले.

"तुम्ही मुलीच्या कोण?"

"आत्या."

"सख्ख्या? वडिलांची बहीण?"

"हो."

त्यांनी आम्हा तिघींना एका अंधाऱ्या खोलीत नेलं आणि एक जांभळा दिवा लावला. दिव्याखाली हौसाची पाठ धरली. उजेडात तीन डाग दिसायचे, तिथे अकरा दिसले, निळसर पांढरे, लख्ख. मग त्यांनी अंजनाचे हात, पाठ, पाय बघितले. काही नव्हतं. एकही ठिपका नाही. मग म्हणाले, "बाई, तुमचा हात द्या."

माझ्या दंडावर दोन पानं उमटली. तशीच, चिंचोळी, लख्ख. पंचेचाळीस वर्षं तो दंड मी घासून धुतला होता आणि मला ती कधी दिसली नव्हती.

"पायाची नखं दाखवा."

मी पाय मागे घेतला. माझ्या पायाच्या तीन नखांच्या कडेला मांसाचे कोंब येतात, भाताच्या शितासारखे. मी ते ब्लेडने कापते, ते परत येतात. हे माझ्या यजमानांशिवाय कुणाला माहीत नव्हतं. डॉक्टरांनी स्वतः वाकून बघितलं.

बाहेर येऊन त्यांनी सांगितलं. दाणे, डाग, नखांचे कोंब आणि फिट, हे सगळं एकच दुखणं. बीजातून येतं. अंगात जागोजागी बारीक गाठी होतात. मेंदूत झाल्या की फिट येतात, बुद्धी अडते. एकाच घरात एकाला नुसते दाणे येतात, तो शिकतो, नोकरी करतो. दुसऱ्याचा मेंदू धरतो. कुणाला काय, ते आधी सांगता येत नाही. ज्याच्या अंगात आहे त्याच्या प्रत्येक मुलाला ते यायची निम्मी शक्यता.

"भूकंपात घाबरल्यामुळे..." मी म्हणाले.

"भूकंपाचा काही संबंध नाही. हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

अंजनाने माझ्याकडे बघितलं आणि नजर काढून घेतली.

"हे तुमच्या घरातून आलंय," डॉक्टर मला म्हणाले. "मुलीच्या वडिलांकडून. तुम्हाला मुलं?"

"एक होता. नऊ महिन्यांचा गेला. आचके येत होते."

त्यांनी पेन खाली ठेवलं. मला रडू आलं नाही. मला इतका राग आला की खुर्चीचा हात धरून बसावं लागलं. पणजोबाचा, भंडाऱ्याचा, त्या गोष्टीचा, माझ्या जागरणाला नाचलेल्या प्रत्येकाचा. आपल्या मुलाला आपणच दिलं आणि वर दातांना दोष दिला, याचा.

डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या. सकाळ-संध्याकाळ, एकही दिवस चुकवायची नाही. फिट आल्यावर कुशीवर वळवायचं, नाकातोंडाला काही लावायचं नाही. फिट कमी होतील, पोरगी शहाणी होईल असं मात्र सांगत नाही, म्हणाले. आणि चिठ्ठी दिली, इंग्रजीत.

परतीच्या गाडीत मी अंजनाला चिठ्ठीचं खरं कारण सांगितलं. सोडचिठ्ठी, नानासो, सगळं. तिने हौसाचं डोकं मांडीवर नीट घेतलं.

"मला ठावं हाय, आक्का," ती म्हणाली. "धा दिस झालं ट्रंक भरून ठिवलीया. वाटलं, जायच्या आदी पोरीला औशीद तरी मिळंल."

रविवारी सकाळी नानासो आला. अंगणात घोंगडी टाकली होती. चार वडीलधारे बसले, त्यात गावचे आकाराम पाटीलही होते. सगळ्यांच्या वहाणा फाटकापाशी. लाला तेवढा खुर्चीवर, बुटात. अंजना सोप्याच्या खांबापाशी उभी, शेजारी तिची ट्रंक, पुढ्यात हौसा बांगडीशी खेळत होती. गोळ्या सुरू होऊन दोनच दिवस झाले होते.

"मास्तरीणबाई, चिठ्ठी काय म्हनती?" नानासोने विचारलं.

चिठ्ठी इंग्रजीत होती. मी काहीही वाचलं असतं तरी चाललं असतं. आईने माझ्याकडे अशा खात्रीने बघितलं की मी तिच्या मनासारखंच वाचणार. तिची चूक नव्हती. आजवर मी तसंच वाचत आले होते.

"दुखनं आमच्या घरचं हाय," मी म्हणाले. "ह्ये माझ्या तोंडावरलं दानं आन् पोरीचं फेफरं एकच. देवाचं कायबी न्हाई. अंजनाच्या अंगावर एक ठिपका न्हाई. माझ्या अंगावर हाय. लालाचंच पोरीत आलंय, उद्या दुसरी केली तर तिच्या पोरांतबी येईल."

"खोटं हाय," आई म्हणाली. "हिला तिनं फितीवलंय. मिरजंतनं येताना कान भरल्यात. माझ्या लालाला काय झालंय? फौजेनं तपासून घेतलाय त्येला. त्येच्या अंगात कायबी न्हाई."

"लालाला इचारा," मी म्हणाले. पण विचारायचं काय, ते मलाही नक्की ठाऊक नव्हतं. लालाने मान वर केली नाही; त्याच्या हनुवटीवरचे दोन दाणे दाढीच्या खुंटात दिसतही नव्हते.

नानासो आईकडे बघत होता. आकाराम पाटील म्हणाले, कागद आपल्या मास्तरला एकदा दाखवू, गडबड नको. सगळं परत आईच्या बाजूला झुकायला लागलं, मला दिसत होतं. तेवढ्यात हौसाच्या हातातली बांगडी पडली. ती ताठ झाली आणि अंगणात आडवी झाली.

"खेटर आना," आई ओरडली. "खेटर लावा नाकाला."

वहाणा फाटकापाशी होत्या. पायात असलेला एकटा लाला. पोरीवर त्याचा जीव होता, ते मी नाकारत नाही. तो खुर्चीवरून खाली आला, एका हिसक्यात उजव्या पायातला बूट काढला, मोज्यासकट, आणि पोरीच्या नाकाशी नेला.

मी त्याच्या हातातून बूट हिसकावून लांब फेकला. अंजनाने पोरीला कुशीवर घेतलं, डोक्याखाली पदर घातला. मी वर बघितलं तर नानासो पोरीकडे बघत नव्हता. तो लालाच्या पायाकडे बघत होता.

अंगठ्याच्या नखाच्या कडेला दोन कोंब. शेजारच्या बोटाला एक. करंगळीला एक, अर्धा कापलेला.

मी माझा पाय त्याच्या पायाशेजारी ठेवला आणि लुगडं घोट्यावर उचललं. चार वडीलधाऱ्यांसमोर, विधवा बाईने. कुणी नजर खाली घातली नाही, सगळ्यांना बघायचंच होतं.

"नानासो, नीट बघा. बैल बगतासा तसं बघा."

त्याने खरंच वाकून बघितलं. दोन्ही पाय. सावकाश.

"बुटानं झालंय त्ये," आई म्हणाली. "फौजंचा बूट चावतो."

"बूट मी कवाच घातला न्हाई, आई," मी म्हणाले.

लाला जमिनीवर बसला होता, एका पायात बूट, एक पाय उघडा. "फौजंतल्या डॉक्टरनं दोनदा कापलं," तो खाली बघत म्हणाला. "परत येतंय. मला कुटं ठावं हुतं, त्याचा अन् हिचा काय संबंध हाय."

नानासो उठला. फाटकापाशी जाऊन त्याने वहाणा पायात सरकवल्या, टोपी नीट केली आणि रामराम न घालता गेला. वडीलधारे एकेक करून उठले. हौसाचं अंग सैल पडलं होतं, ती घोरत होती. अंजना तिचं तोंड पुसत होती.

आई बराच वेळ चुलीपाशी बसली. मग बाहेर आली आणि काहीच झालं नसल्यासारखी म्हणाली, "अंजने, ट्रंक आत घे."

"न्हाई," अंजना म्हणाली.

तिने आवाज चढवला नव्हता. इतक्या वर्षांत तिने या घरात कधी आवाज चढवला नाही, आणि आम्हाला वाटायचं की तिला बोलायचंच नाही.

"ट्रंक सोप्यात ऱ्हाईल. मी भूकंपाची बाई म्हून जितं जितं सांगितलंसा, तितं तितं जाऊन आता ह्ये बी सांगा. हिरीवर सांगा, बाजारात सांगा. सगळी घरं झाली की मग ट्रंक आत घीन." मग ती माझ्याकडे वळली. "आन् आक्का, पयलं तुमी. भूकंपाचं तुमीच काडलं हुतं. मला तवाच कळलं हुतं."

लाला सुट्टी संपवून गेला. जाताना पोरीला गोळी देऊन गेला, बायकोशी बोलायची हिंमत त्याला झाली नाही. आई घराबाहेर पडली नाही. अंजना रोज सकाळी सोप्यात जायची, ट्रंकेतून एक लुगडं काढायची, नेसायची, ट्रंक परत लावून टाकायची.

संक्रांत आली. पाटलांच्या सोप्यात हळदीकुंकू होतं. मला आता बोलावणं नसतं, विधवेला कोण बोलावतो. मी न बोलावता गेले, पांढऱ्या कपाळाने, उंबरा ओलांडून आत. पाटलीणबाई बयाबाई तिळगुळाचं ताट घेऊन उभी होती, तिला कळेना की मला द्यावं का नाही.

मी सगळं सांगितलं. दाणे काय आहेत ते. दंडवत काय होते ते. माझा मुलगा कशाने गेला ते. भूकंपाचं मी याच सोप्यात बसून बनवून सांगितलं होतं, ते. एकीने आपल्या मुलीला हाताला धरून माझ्यापासून लांब ओढलं, ते मी बघितलं.

"मास्तरीण," बयाबाई शेवटी हळूच म्हणाली, "सणासुदीचं आसलं कशाला काडायचं?"

"सणालाच सांगितलं हुतं," मी म्हणाले, "म्हून सणालाच आले." आणि पुढच्या घराकडे निघाले.